‘पण हे लिहिलंय कुठे?’

प्रश्न विचारणारे गृहस्थ हिंजवडीत नोकरी करतात आणि गेलं वर्षभर कोथरूडमधल्या एका वाचनगटात जातात. महिन्याला एक कथा किंवा चार-सहा कविता वाचून जायचं आणि त्यावर बोलायचं, असा तो गट. अडचण त्यांच्याच शब्दांत, थोडक्यात: “मला गोष्ट कळते. कोण कोणाला काय म्हणालं, शेवटी काय झालं, सगळं सांगू शकतो. पण गटात कोणी म्हणतं, ही कथा खरं तर एकटेपणाची आहे. कोणी म्हणतं, तो डोह म्हणजे मृत्यू. सगळे माना डोलावतात. मी मनात म्हणतो, पण हे लिहिलंय कुठे? शाळेत उपमा, रूपक, उत्प्रेक्षा घडाघडा म्हणायचो. मग घोडं पेंड कुठे खातंय? आणि कवीला तरी हे सगळं म्हणायचं असतं का?”

‘हे लिहिलंय कुठे?’ हा प्रश्न तुम्ही मनात ठेवता, तो मोठ्याने विचारा. तुमच्या गटातला तोच सगळ्यात कामाचा प्रश्न आहे. मी पुण्यात कॉलेजात मराठी शिकवते. वर्गात हात वर करून हे विचारणारी मुलं पुढे चांगली वाचक झालेली मी पाहिली आहेत. न विचारता माना डोलावणारी मुलं गाइडातलं वाक्य लिहून मार्क घेतात आणि पुन्हा कवितेच्या वाटेला जात नाहीत.

तुमची समजूत अशी दिसते की अर्थ शब्दांच्या खाली कुठेतरी पुरून ठेवलाय आणि बाकीच्यांना ती जागा माहीत आहे. तसं नसतं. जे असतं ते सगळं पानावर, उघड्यावर असतं. पण ‘पुढे काय झालं’ या ओढीने वाचताना ते नजरेतून सुटतं. आणि सुटण्याचं एक कारण शाळेत आहे. तिथे दोन गोष्टी दोन वेगळ्या तासांना शिकवतात. व्याकरणाच्या तासाला अलंकार: उपमेय कोणतं, उपमान कोणतं, साम्य दाखवणारा शब्द कोणता, ‘जणू’ दिसला की उत्प्रेक्षा, ‘हे ते नव्हेच’ असं आलं की अपन्हुती. कवितेच्या तासाला रसग्रहण: विषय, मध्यवर्ती कल्पना, संदेश. पहिल्याकडून दुसऱ्याकडे कसं जायचं, हे कुठल्याच तासाला येत नाही. मध्यवर्ती कल्पना अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या गाइडात तयार मिळते, त्यामुळे ती वरून पडते असंच आपल्याला वाटत राहतं.

पुढे जाण्याआधी थोडं सावधपणे सांगते. तुम्ही परीक्षेसाठी विचारलं असतं तर माझं उत्तर वेगळं असतं. तिथे आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक सौंदर्य असे कप्पे आखलेले असतात आणि ते त्या क्रमाने भरून मोकळं होण्यात शहाणपण असतं. दुसरं, सगळ्याच लिखाणाला दुसरा थर असतो असं नाही. शिवनेरी बसमध्ये वाचायची एखादी रहस्यकथा खून कोणी केला एवढंच सांगते आणि ते ती झकास सांगते. तिच्यातल्या चाकूत समाजव्यवस्था शोधू नये. तिसरं, काही गोष्टी बाहेरच्या माहितीवर अवलंबून असतात. ती माहिती नसली तर एखादा पदर निसटतो, आणि त्याला इलाज म्हणजे विचारणे. त्यात कमीपणा काही नाही.

आता एक गोष्ट पटवायची आहे: सुचवलेला अर्थ ओळखणं तुम्हाला येतंच. दिवसभर तुम्ही दुसरं काही करत नाही. लक्ष्मी रस्त्यावरचा दुकानदार तुमच्याकडे न बघता म्हणतो, “एक वाजला.” तुम्ही घड्याळ तपासत नाही, चारनंतर यायचं ठरवून बाहेर पडता. तेच वाक्य आईने स्वयंपाकघरातून म्हटलं की पानं घेतलेली असतात आणि उठायचं असतं. तेच वडील मध्यरात्री दार उघडताना म्हणाले, तर पुढचं काही सांगायलाच नको. वाक्य दोन शब्दांचं, अर्थ तीन, आणि एकदाही तुम्ही ‘हे लिहिलंय कुठे’ असं विचारलेलं नाही. कारण कोण बोलतंय, कोणाला, कोणत्या वेळी, हे समोर दिसत असतं.

आपल्या जुन्या शास्त्रकारांनी हे फार बारकाईने पाहिलं होतं. शब्दाचा सरळ अर्थ देणारी ती अभिधा. सरळ अर्थ जुळत नाही म्हणून जवळचा अर्थ घ्यायला लावते ती लक्षणा (‘गणपतीत सगळं पुणं रस्त्यावर असतं’ म्हटल्यावर पर्वतीची टेकडी जागची हलली, असं कोणी समजत नाही). आणि सरळ अर्थ शाबूत ठेवून आणखी काही सुचवते ती व्यंजना. नवव्या शतकातल्या काश्मीरच्या आनंदवर्धनाने या सुचवलेल्या अर्थाला, ध्वनीला, काव्याचा आत्मा म्हटलं. पुढे अकराव्या शतकात मम्मटाने ‘सूर्य मावळला’ एवढंच वाक्य घेऊन दाखवलं की ऐकणारा बदलला की सूचनाही बदलते: गुराख्याला गुरं परत न्यायची, मजुराला काम थांबवायचं, प्रियकराला भेटायला निघणारीला निघायचं. दुकानदाराचं उदाहरण माझं असलं तरी युक्तिवाद हजार वर्षांपूर्वीचा आहे. कवितेत फरक इतकाच की बोलणारा समोर नसतो, म्हणून कोण, कोणाला, कधी, कोणत्या सुरात हे ओळींमधून गोळा करावं लागतं.

आता अलंकारांकडे येऊ. ‘ही उपमा आहे’ एवढं म्हणून थांबलं की हाती एक मार्क लागतो, दुसरं काही नाही. त्यापुढे विचारायचं: हीच वस्तू का? दुसरी ठेवली असती तर काय बिघडलं असतं? तुम्हाला पाठ असलेलंच घेऊ या. बहिणाबाई चौधरी:

अरे, संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर
आधी हाताला चटके, तव्हां मियते भाकर

संसार उपमेय, तवा उपमान, ‘जसा’ हा साम्यवाचक शब्द. इथवर शाळा. आता तवा बाजूला ठेवून त्या जागी आपल्या परंपरेत संसारासाठी सर्रास येणारी वस्तू ठेवून बघा: सागर. भवसागर म्हटलं की तो तरून जायचा असतो. पैलतीर असतो, नाव असते, पार करणारा कोणी असतो आणि एकदा पार झालं की पाणी मागे राहतं. तवा असा मागे राहत नाही. त्याच्यासमोर आज बसायचं, उद्या बसायचं, आणि भाकरी मिळायची ती त्याच्यावरच. म्हणजे ही नुसती घरगुती उपमा नाही. संसारातून सुटण्याची सगळी भाषाच तिने बाजूला सारली आहे. हे मी ओळींच्या खाली शोधलं नाही. तवा आणि सागर या दोन वस्तूंशी आपण काय करतो, एवढंच पाहिलं.

आता पुढे चला, कारण गाणं इथे संपत नाही आणि आपण बहुतेक वेळा इथेच थांबतो. ती म्हणते, राउळाच्या कळसाला लोटा म्हणू नको. गळ्यातल्या हाराला लोढणं म्हणू नको (लोढणं म्हणजे ओढाळ गुराच्या गळ्यात बांधतात ते लाकूड). मग वेलावरचा खिरा येतो, म्हणजे काकडी: एका तोंडाला कडू, बाकी सगळी गोड. भिलावा येतो, म्हणजे बिब्बा: त्याचं तेल कातडीला लागलं तर उततं, पण आत गोडंबी, म्हणजे खायचा गर असतो. वरून काटे असलेली शेंग येते, आत गुळगुळीत सागरगोटे.

या वस्तू ओळीने मांडून बघा. तवा, खिरा, बिब्बा, काटेरी शेंग: या सगळ्यांचा पहिला स्पर्श वाईट आहे. पोळतो, कडू लागतो, उततो, टोचतो. चांगलं जे आहे ते नंतर किंवा आत. कळस आणि हार मात्र वेगळे आहेत. त्यांच्यात काही कडू नाही, तिथे नुसतं ‘म्हणू नको’ आहे. कळसालाच लोटा म्हटलं जातंय, हारालाच लोढणं म्हटलं जातंय. वस्तू तीच, नाव चुकलेलं. दोन्ही गट एकत्र ठेवले की एक वाक्य तयार होतं: संसाराचा पहिला स्पर्श पोळवणारा असतो आणि माणूस त्या पहिल्या स्पर्शावरूनच त्याला नावं ठेवून मोकळा होतो.

गाइडातलं वाक्य काय असेल ते तुम्हाला माहीत आहे: ‘संसारात सुख आणि दुःख दोन्ही असतात.’ खोटं नाही ते. पण स्टीलच्या डब्यांची झाकणं जशी एकाचं दुसऱ्याला बसत नाहीत, तसं आशयाचं वाक्य त्याच कवितेला बसलं पाहिजे. ‘सुखदुःख दोन्ही असतात’ हे शंभर कवितांना बसतं, म्हणजे यातल्या एकीचंही नाही. माझं वाक्य बरोबर आहे का, हे तपासायलाही तीच कसोटी लावा. गाण्यात मी न घेतलेल्या आणखी ओळी आहेत. त्यांना हे वाक्य लागू पडतं का बघा. एखादी ओळ बाहेर राहिली तर ओळ सोडायची नाही, वाक्य बदलायचं.

यातूनच तुमच्या ‘एकटेपणा’चं उत्तर मिळेल. ‘ही कथा एकटेपणाची आहे’ असं कोणी म्हणतं तेव्हा त्याने कथेचा विषय सांगितलेला असतो. एकटेपणा, प्रेम, मृत्यू, स्थलांतर हे विषय आहेत, ते एका शब्दात मावतात. आशयसूत्र एका शब्दात मावत नाही. त्याला कर्ता लागतो, क्रियापद लागतं, तो विषय घेऊन कथा काय म्हणते ते यावं लागतं. ‘माणूस एकटा पडतो तो माणसं नसल्यामुळे नाही, तर आपलं बोलणं कोणी खरं मानत नाही म्हणून’ असं कोणी म्हटलं तर ते वाद घालण्याजोगं आहे. त्यावर तुम्ही पानावर बोट ठेवून म्हणू शकता की इथे तर बहीण त्याचं खरं मानते. ‘एकटेपणा’ या शब्दावर मात्र कोणीच कशाला नाही म्हणू शकत नाही, म्हणून सगळ्या माना डोलतात. तुम्हाला तिथे काही दिसलं नाही, कारण अजून कोणी काही दाखवलेलंच नव्हतं.

आता अवघड प्रकरण. जिथे ‘जसा’ नाही, ‘जणू’ नाही, तिथे काय करायचं? तुमच्या गटात डोहाचा विषय निघाला म्हणजे बहुधा बालकवींची ‘औदुंबर’ चालू असावी. आठच ओळी आहेत. पहिल्या चार ओळींत दोन्ही तटांवर हिरवाळी घेऊन वाहणारा निळासावळा झरा, पलीकडे टेकडीजवळ चार घरांचं गाव आणि त्यापुढे शेतमळ्यांची दाट गर्दी. मग:

पायवाट पांढरी तयांतुनि अडवीतिडवी पडे
हिरव्या कुरणामधुनी चालली काळ्या डोहाकडे
झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर

वर्गात मी ही कविता घेते तेव्हा अर्थाचा शब्द काढू देत नाही. नुसतं काय काय आहे आणि काय नाही, ते सांगायचं. थोड्या वेळाने कोणीतरी म्हणतं: माणूस नाही. खरंच नाही. घरं आहेत, शेतं आहेत, पायाखालची मळलेली वाट आहे, सगळी माणसाच्या हातापायांची कामं, पण माणूस एकही नाही. मग कोणीतरी रंग मोजतं: हिरवा, निळासावळा, पुन्हा हिरवा, पांढरा, हिरवा आणि शेवटी काळा. काळा आल्यावर पुन्हा हिरवा येत नाही. नजर तिथे थांबते. मग क्रियापदं. झरा वाहतो, वाट पडते, वाट चालते. सगळं कुठेतरी निघालेलं आहे. शेवटच्या ओळीत पहिल्यांदा कोणीतरी बसलेलं सापडतं.

‘पाय टाकून जळात बसला’ ही चेतनगुणोक्ती: झाडाला माणसाचं वागणं दिलं. गाइड इथे थांबतं. आपण विचारू या, ते इथेच का दिलं? संपूर्ण कवितेत माणूस नाही आणि माणसासारखं बसणं एका झाडाला दिलंय, तेही वस्तीपासून सगळ्यात लांब, काळ्या पाण्याच्या काठाला. हा योगायोग नाही. आठ ओळींत इतकी जागाच नसते की एखादी गोष्ट चुकून येऊन बसावी.

आता ‘डोह म्हणजे मृत्यू’ म्हणणाऱ्यांना विचारा: मग काळिमा गोड का? आणि मृत्यूच्या पाण्यात कोणी असे पाय सोडून निवांत बसेल का? ‘ही निसर्गसौंदर्याची कविता आहे’ म्हणणाऱ्यांना विचारा: नुसतं सौंदर्य दाखवायचं तर नजर हिरव्यातून काढून काळ्यापाशी आणून का सोडली? तिसरं वाचन विरक्तीचं आहे. इथे बाहेरची माहिती उपयोगी पडते: औदुंबर हे दत्ताचं झाड. नरसोबाच्या वाडीला, सांगलीजवळच्या औदुंबरला जाऊन आलेल्या घरात हे सांगावं लागत नाही. तुमच्या गटात परप्रांतात वाढलेलं कोणी असेल तर सांगावं लागेल. ही माहिती घेतली की पाण्यात पाय सोडून बसलेला तो कोणी जोगी दिसू लागतो. हे वाचन मला बळकट वाटतं, पण त्यालाही गावापासून निघून डोहाकडे जाणाऱ्या त्या पांढऱ्या वाटेचा हिशेब द्यावा लागतो.

माझं वाक्य सध्या असं आहे: माणसाच्या वस्तीतून निघालेली वाट ज्या काळोखाकडे जाते, त्या काळोखाशी मैत्री करून बसता येतं, आणि तसं बसलेलं कोणीतरी आहे. यात ‘गोड’ बसतं, ‘काळ्या’ बसतं, वाट बसते, झाड बसतं. निळासावळा झरा आणि दोन तटांवरची हिरवाळी नीट बसत नाही, म्हणून ‘सध्या’ म्हटलं. वेगळं वाक्य घेऊन कोणी आलं आणि त्यात झराही बसला, तर मी माझं सोडून देईन.

एक वाट मात्र टाळा. बालकवींचा जन्म १८९०चा; १९१८ साली भादली स्टेशनजवळ रेल्वे अपघातात ते गेले, अठ्ठाविसाव्या वर्षी. हे कळलं की काही वाचकांना काळ्या डोहात लगेच मृत्यूची चाहूल दिसते. पण कविता लिहिणाऱ्याला ते माहीत नव्हतं. माहीत आपल्याला आहे. आपल्याला नंतर कळलेली गोष्ट आपण मागे नेऊन ओळींत घालतो आणि मग ओळींत ती सापडली म्हणून चकित होतो. हृदयाला भिडतं ते, पण ते वाचन नव्हे.

आता तुमचा शेवटचा प्रश्न: कवीला हे सगळं म्हणायचं असतं का? बहिणाबाईंचंच बघा. लिहिता-वाचता येत नव्हतं. कामं करता करता म्हटलेली गाणी मुलाने आणि नातलगाने उतरवून ठेवली, पुस्तक आलं ते १९५२ साली, त्या गेल्यानंतर. ‘मी आता भवसागराच्या प्रतिमेला उत्तर देते’ असं त्या मनाशी म्हणाल्या असतील, असं मला अजिबात वाटत नाही. पण तव्याचा चटका, खिऱ्याचं कडू तोंड, बिब्ब्याने उतलेली कातडी हे त्यांच्या हाताला ठाऊक होतं आणि संसार म्हटल्यावर नेमक्या त्याच वस्तू पुढे आल्या. तेवढं पुरे आहे. कवीच्या डोक्यात काय होतं, हे तपासायची सोय आपल्याकडे नाही, शब्दांत काय आहे हे तपासायची आहे. म्हणजे वाचकाने काहीही म्हणावं असं नाही. ‘काळा डोह म्हणजे नदीचं प्रदूषण’ असं एका विद्यार्थ्याने मला लिहून दिलं होतं. कल्पक मुलगा. पण ‘गोड’पाशी येऊन त्याची गाडी बंद पडली.

कथेत काम थोडं वेगळं पडतं, कारण कथेत वस्तू हलतात, हात बदलतात, आणि त्यांचं काय होतं यात बरंच काही सांगितलेलं असतं. एखादी खरी कथा घेऊन तिचा शेवट फोडण्यापेक्षा मीच एक रचते. नारायण पेठेतला वाडा बिल्डरला दिलाय. सामान हलतंय. आजी हट्ट धरते की माजघरातली लाकडी खुंटी काढून बरोबर न्यायची, आजोबांची टोपी तिच्यावर असायची. मुलगा सुताराला बोलावून ती काढतो. आता तीन शेवट.

पहिला: नव्या फ्लॅटच्या काँक्रीटच्या भिंतीत खुंटी बसत नाही, आजी ती साडीत गुंडाळून कपाटात ठेवते आणि पुन्हा तिचं नाव काढत नाही. दुसरा: नातू ती पार्किंगमध्ये स्टंप म्हणून उभी करतो, आजी गॅलरीतून बघते आणि ओरडते, “अरे, वाकडी आहे, नीट कर.” तिसरा: गडबडीत खुंटी हरवते, आणि काही महिन्यांनी सुनेला ती जुन्या बाजारात दिसते, ती किंमत विचारते, घासाघीस करते, आणि जमत नाही म्हणून सोडून येते.

विषय तिन्हींचा एकच, वाड्यांचं जाणं. पण पहिली कथा म्हणते की काही आठवणींना नव्या घरात जागाच नसते आणि माणूस ते मुकाट्याने मान्य करतो. दुसरी म्हणते की वस्तूचं पावित्र्य संपल्याचं दुःख आपण गृहीत धरतो, पण जिची वस्तू तिलाच ते नसू शकतं. तिला ती सरळ उभी राहण्याशी मतलब. तिसरीत तर खुंटी आजीची राहतच नाही, कथा सुनेची होते, आणि आपल्या माणसांच्या आठवणीला आपण किती रुपयांपर्यंत जाऊ, असा अडचणीचा प्रश्न विचारते. आता या तिन्हींवर ‘खुंटी म्हणजे परंपरा’ असं लिहा. तिन्ही सपाट होतात. म्हणून प्रतीकांचा अर्थ ‘अमुक म्हणजे तमुक’ असा लावू नका. वस्तू कशी आली, कोणाच्या हातात गेली, शेवटी कुठे आहे, ते लिहून काढा.

असंच ‘पाणी म्हणजे जीवन’ हे कोष्टक. १२ जुलै १९६१ला पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही गेलं आणि मुठेचं पाणी पुण्याच्या पेठांमधल्या घरांत शिरलं. त्या घरातल्या माणसाने लिहिलेल्या कथेत एकेक पायरी चढणारं पाणी आलं, तर ते कोष्टक गुंडाळून ठेवावं लागतं. दुष्काळी माणदेशातल्या कथेतलं पाणी पुन्हा निराळं. कथेने आपलं पाणी कुठलं ते सांगितलेलं असतं, ते वाचायचं.

सरावाचं म्हणाल तर दोनदा वाचा. पहिल्यांदा गोष्टीसाठी, जसं वाचता तसंच, ती मजा सोडायची नाही. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. विचित्र वाटेल तिथे खूण करा (काळिमा आणि गोड?), परत परत येईल तिथे खूण करा, आणि जे सुरुवातीला एक होतं आणि शेवटी दुसरं झालं तिथे खूण करा. मग एक पूर्ण वाक्य लिहा आणि त्या वाक्याला सगळ्यात जास्त नडणारी ओळ मुद्दाम शोधा. टेस्टिंगचं काम करत असाल तर हे तुम्हाला माझ्यापेक्षा बरं जमेल. खूप वाचलेली माणसंही ही शेवटची पायरी गाळतात, कारण आवडलेल्या वाक्याच्या विरुद्ध पुरावा शोधायला कोणाला आवडतं?

गटात बोलताना ‘हे लिहिलंय कुठे?’ ऐवजी ‘कुठल्या ओळीवरून वाटलं?’ असं विचारा. पुण्यात हा प्रश्न कोणत्या सुरात विचारला यावर पुढचा अर्धा तास अवलंबून असतो. समोरच्याला ओळ सापडली तर तुम्हालाही ते दिसेल. नाही सापडली तर त्यालाही कळेल.

पुढच्या बैठकीला कविता असल्या तर त्यातली सगळ्यात छोटी निवडा आणि आदल्या रात्री हाताने वहीत उतरवून काढा. उतरवताना जिथे ‘इथे हा शब्द कसा काय?’ म्हणून पुन्हा पुस्तकात बघावं लागतं, तिथून बोलायला सुरुवात करा. कथा असेल तर वाचून झाल्यावर पहिलं आणि शेवटचं पान लागोपाठ वाचा, आणि दोन्हीकडे असलेली एक वस्तू किंवा एक वाक्य धरा. पहिले काही महिने प्रत्येक वेळी तेवढंच एक मांडा, बाकी ऐका. आणि ‘औदुंबर’मधल्या त्या झऱ्याचं कोणाला काही सुचलं, तर मला नक्की कळवा.